तथापिसाहेबांचा पहिला सल्ला

भय सर्वांनाच वाटते, परंतु सर्वांना एकाच गोष्टीचे वाटत नाही. कोणी सापाला भितो, कोणी सासऱ्याला, कोणी दंतवैद्याच्या खुर्चीला. परवाना विभागातून अधीक्षक या पदावरून सन्मानाने निवृत्त झालेले आमचे साहेब मात्र 'होय' आणि 'नाही' या दोन शब्दांना भीत असत. या शब्दांचा उच्चार झाला, की त्यापुढील सर्व घटनांची जबाबदारी उच्चार करणाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसते, असा त्यांचा सिद्धान्त होता. आणि चौतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत त्यांनी आपले मस्तक अशा प्रत्येक भारापासून मुक्त राखले होते. खालून आलेली नस्ती ते वर पाठवीत, वरून आलेली खाली उतरवीत, आणि मध्ये आपला अभिप्राय नोंदवीत. त्या अभिप्रायाच्या पूर्वार्धात जे म्हटलेले असे, ते उत्तरार्धात 'तथापि' या शब्दानंतर अत्यंत विनयपूर्वक मागे घेतलेले असे. म्हणून कार्यालयात त्यांना 'तथापिसाहेब' म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागे. परंतु इतक्या खुल्या आवाजात, की ते त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

अशा पुरुषाने सल्लागाराचा व्यवसाय आरंभावा, हा विचार मूळचा त्यांचा नव्हता. तो त्यांच्या पत्नीचा. निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात त्या साध्वीने केलेली वाणसामानाची यादी साहेबांनी तिसऱ्यांदा परत केली. "साबणाचे परिमाण नमूद नाही, डाळीच्या आवश्यकतेचे समर्थन जोडलेले नाही," असा शेरा समासात होता.

"अहो," पत्नी म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात अशी शांतता होती की साहेबांनी लेखणी खाली ठेवली, "माझ्या यादीत खोट काढण्यापेक्षा बाहेरच्यांच्या अर्जात काढा. परवाना काढताना लोकांची दमछाक होते. तुम्हाला सगळे नियम पाठ आहेत. पुढची खोली मोकळी आहे. टेबल आहे. खुर्ची आहे. तुम्ही तर आहातच, दिवसभर."

"विचार प्रथमदर्शनी ग्राह्य वाटतो. तथापि..."

"उद्या पाटी रंगवणाऱ्याला बोलावते," असे म्हणून पत्नी आत गेल्या. त्या घरात निर्णय याच पद्धतीने होत असत, आणि साहेबांना ती पद्धत सोयीची होती.

रंगारी आला तो आपली शिडी, डबे आणि एक प्रकारचा निर्विकारपणा घेऊन. फळी मांडीवर धरून त्याने विचारले, "काय लिहू? नुसतं 'सल्लागार'?"

"नुसतं नको!" साहेब इतक्या तातडीने म्हणाले की रंगाऱ्याच्या हातून कुंचला निसटला. "नुसतं फार होतं. असं लिहा: परवाने व अर्ज यांविषयी प्राथमिक स्वरूपाचे मार्गदर्शन, अंतिम निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, परिणामांस सल्लागार बांधील नाही."

"साहेब, ही पाटी आहे. करारनामा नाही. लोक चालता चालता वाचणार."

"म्हणूनच. चालता चालता गैरसमज लवकर होतो."

रंगाऱ्याने 'सल्लागार' हा शब्द ठसठशीत निळ्या अक्षरांत काढला आणि उरलेले सर्व त्याखाली मुंगीच्या रांगेसारखे बसवले. पाटी दाराशी लागली, आणि पहिल्याच दिवशी इमारतीतील प्रत्येक जण तिच्यासमोर कमरेत वाकून उभा राहिलेला दिसू लागला. एका पाहुण्या बाईंनी तर पत्नींना विचारले, की तुमच्या दाराशी सगळ्यांची किल्ली एकदमच कशी हरवली.

शेजाऱ्यांनी या प्रसंगी मौन पाळले असते तर ते शेजारी कसले! वरच्या मजल्यावरील दंतवैद्य जिना उतरता उतरता थांबले आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत आपुलकीने म्हणाले, "एकच सांगतो. पहिल्या गिऱ्हाइकाचा चुकीचा दात उपटू नका. बाकी सगळं जमतं. माझं पहिलं गिऱ्हाईक अजून मला पाहिलं की रस्ता ओलांडतं. गाडी येत असली तरी ओलांडतं."

त्या दिवशी साहेबांना दुपारची झोप आली नाही.

इमारतीचे सचिव तळमजल्यावर राहत. ते निवृत्त गणितशिक्षक होते, आणि जगातील प्रत्येक वस्तूला एकच बरोबर उत्तर असते या श्रद्धेवर त्यांचे आयुष्य उभे होते. त्यांनी पाटी भिंगातून वाचली. "घरातून व्यवसाय करायचा तर परवानगी लागते," ते म्हणाले. "तुमच्याच विभागाची. काढली का?"

साहेबांनी ती काढली नव्हती. हातपाय गळणे या शब्दप्रयोगाचा अर्थ त्यांना त्या क्षणी गुडघ्यापासून वर क्रमाक्रमाने समजत गेला.

ज्या कार्यालयात चौतीस वर्षे खिडकीच्या आत बसले, त्याच खिडकीच्या बाहेर उभे राहण्याचा योग कोणावर येऊ नये. आतल्या खुर्चीत आता साहेबांच्याच हाताखाली अक्षर गिरवलेला त्यांचा एके काळचा लिपिक नवा अधीक्षक म्हणून विराजमान होता. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची देऊ केली, चहा मागवला, आणि अर्ज वाचून अकरा त्रुटी काढल्या.

"साहेब, तपासणीसूची तुम्हीच केलेली आहे," तो अपराधी स्वरात म्हणाला.

"मला ठाऊक आहे."

"ही सातवी त्रुटी तर तुम्ही मला स्वतः शिकवलीत. अर्जाला अर्जाची छायाप्रत जोडलेली नाही."

साहेबांनी मान खाली घातली. शिष्याने गुरूला जिंकावे यात गुरूचे भूषण आहे असे जुने लोक मानीत. परंतु ते भूषण अर्जदारांच्या बाकावर बसून धारण करणे किती अवघड असते, याविषयी ते काही बोललेले दिसत नाहीत. तो बाक एका पायाने आखूड होता. त्याविषयी आलेल्या तेरा तक्रारींवर साहेबांनी स्वतः 'यथावकाश पाहणी करावी' असा शेरा मारला होता. आता दर वेळी शेजारचा अर्जदार शिंकला, की साहेब चार बोटे खाली जात आणि पुन्हा वर येत. चौथ्या खेपेस परवानगी मिळाली. ती हाती घेताना त्यांना असे वाटून गेले, की न मिळती तर किती बरे झाले असते.

कारण परवानगी मिळाली, आणि दोनच दिवसांनी पहिले गिऱ्हाईक आले.

तळमजल्यावर, सचिवांच्या घराला लागून, एक पाळणाघर होते. ते चालवणाऱ्या ताई पस्तिशीच्या, चपळ, आणि सतत कोणाला तरी उचलण्याच्या तयारीत असल्यासारख्या किंचित पुढे झुकून चालणाऱ्या होत्या. दोन ते पाच वर्षांची बावीस मुले त्यांच्याकडे सकाळी येत आणि आया कामावरून सुटल्या की जात. ताईंचे यजमान बस चालवीत. घर दोघांच्या मिळकतीवर चाले; पण ताई म्हणत की खरे घर ते बावीस जणांचेच. त्या ताई आता साहेबांसमोर खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. तो परवाना विभागाचा होता. वीसपेक्षा अधिक मुले असल्यास आगीच्या वेळी बाहेर पडण्यास दुसरे दार हवे, ते नाही, शुक्रवारी अकरा वाजता पाहणी होईल, तोवर पूर्तता न झाल्यास परवाना रद्द.

"काका, आज सोमवार," ताई म्हणाल्या. "मला बाकी काही नको. एवढंच सांगा. भिंत फोडून दार काढू, की गाशा गुंडाळू?"

येथे वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. साहेबांना उत्तर ठाऊक होते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठाऊक होते. नियम चौदा, पोटनियम तीन: दुसरे दार तीन फूट रुंद असावे, बाहेरच्या बाजूस उघडावे, थेट मोकळ्या जागेत निघावे. ताईंच्या मागच्या खोलीचे दार अंगणातच निघत होते. रुंदी, इमारतीच्या नकाशाप्रमाणे, तीन फूट एक इंच. दोष एकच, ते आत उघडत होते. सुताराने बिजागऱ्या फिरवून दिल्या, दारासमोरचे खेळण्यांचे कपाट हलवले, की संपले. अशीच बाब साहेबांनी अठरा वर्षांपूर्वी एका नस्तीत तपासली होती, आणि ते दार मान्य झाले होते. कोणतीही भिंत फोडायची नव्हती. गाशा गुंडाळायचा नव्हता.

उत्तर साहेबांच्या जिभेच्या टोकापर्यंत आले, ओठांतून बाहेर डोकावले, आणि बाहेरचे जग पाहून परत फिरले. समजा बिजागरी ऐन वेळी अडकली तर? समजा इंच मोजणाऱ्याची फीत निराळी निघाली तर? समजा पोटनियम तीन कालच बदलला असेल तर? बावीस मुले, चव्वेचाळीस पालक, आणि त्या सर्वांची बोटे एकाच दिशेने वळलेली त्यांना दिसू लागली.

"लेखी देतो," साहेब म्हणाले.

ते लेखन दोन दिवस चालले. साहेबांनी आयुष्यभर प्रत्येक कागदाला आपल्यापुरते एक दुसरे दार ठेवले होते, आणि या कागदाला तर त्यांनी भिंतीपेक्षा दारेच जास्त ठेवली. नऊ पृष्ठे झाली. पत्नींनी ती चष्मा लावून वाचली.

"यात उत्तर कुठे आहे?"

"आठव्या पानावर. खालून तिसऱ्या ओळीत."

"मग पहिल्या पानावर काय आहे?"

"पार्श्वभूमी."

"अहो, तिला पार्श्वभूमी ठाऊक आहे. ती तिथेच राहते!"

"सर्व पर्यायांचा ऊहापोह क्रमाने व्हावा लागतो," साहेब म्हणाले, आणि पत्नींनी पुढे काही म्हणण्याच्या आत त्यांनी लिफाफा बंद केला. लिफाफा ताईंच्या हाती देताना त्यांना इतके हलके वाटले, की ते जिन्याच्या पायऱ्या न मोजता चढून गेले.

आता दैवाची योजना पाहा. ताई मुलांना भरवण्यात गुंतल्या होत्या, म्हणून लिफाफा त्यांच्या यजमानांनी उघडला. बसचालकाची दृष्टी समोरच्या खुणा पाहून तत्काळ कृती करण्यास सरावलेली असते. पहिल्या पृष्ठाची अखेरची ओळ होती: 'सबब, सामाईक भिंतीत नवे द्वार काढणे हा एक पर्याय इष्ट ठरू शकेल.' पुढचे वाक्य, ज्याचा आरंभ कोणत्या शब्दाने होत होता हे सांगण्याची आवश्यकता नाही, दुसऱ्या पृष्ठावर होते.

"इष्ट म्हटलंय ना? झालं तर," यजमान म्हणाले. त्यांनी गवंड्याला निरोप धाडला आणि ते कामावर निघून गेले.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता गवंड्याने सामाईक भिंतीवर पहिला घाव घातला. ताईंनी विचारले, "नक्की हीच ना?" गवंडी म्हणाला, "कागदात सामाईक लिहिलंय म्हणे. सामाईक हीच." मुले ओळीने बसून पाहत होती, इतके चांगले काही त्यांना आजवर कोणी दाखवले नव्हते. दहाव्या घावाला चार विटा पलीकडे पडल्या, आणि पलीकडून एक किंकाळी आली.

पलीकडे सचिवांचे न्हाणीघर होते. सचिव त्यात होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते तांबे मोजून स्नान करीत, आणि तो सहावा तांबा होता. साबणाच्या फेसातून त्यांनी डोळे उघडले तेव्हा भिंतीच्या जागी गवंड्याचे तोंड होते.

"कोण आहे?"

"गवंडी."

"अहो, अंघोळ चालू आहे!"

"चालू द्या की. मला अजून वरचा भाग काढायचाय."

त्या छिद्रातून एक लहानसे डोके पुढे झाले, आणि पाळणाघरात आनंदाची घोषणा दुमदुमली: "आत आजोबा आहेत! आजोबांना फेस आलाय!"

साहेबांना ही वार्ता वर कळली ती आवाजावरून. प्रथम सचिवांचा, मग गवंड्याचा, मग सर्वांचा. खाली काय झाले आहे हे पाहण्याआधीच त्यांना ते समजले होते, कारण भित्र्या माणसाची कल्पनाशक्ती घटनेच्या नेहमी दोन पायऱ्या पुढे असते. तरी न्हाणीघर त्यांच्याही कल्पनेत आले नव्हते. जिन्याचा कठडा धरून ते उतरू लागले. एकेक पायरी त्यांना आपल्या निवृत्तिवेतनाच्या, प्रतिष्ठेच्या आणि शरीराच्या एकेका अवयवाच्या अंताकडे नेत आहे असे वाटत होते. खाली सचिव पंचा गुंडाळून उभे होते. त्यांच्या डाव्या कानात फेस होता, आणि त्याची त्यांना जाणीव नव्हती. ती करून देण्याचे धैर्य कोणात नव्हते.

"सल्ला कोणाचा?" सचिव गर्जले. "लेखी आहे? वाचा! सर्वांसमोर वाचा!"

दंतवैद्यांचा आवाज मोठा, म्हणून पत्र त्यांनी वाचले. नऊही पृष्ठे वाचली. आणि मग जे घडले ते परवाना विभागाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगे होते. गवंडी म्हणाला, बघा, भिंत फोडा असं लिहिलंय. सचिव म्हणाले, पाहा, शेजाऱ्याच्या लेखी संमतीविना फोडू नये असे चौथ्या पानावर आहे. दंतवैद्य म्हणाले, आणि सहाव्या पानावर लिहिलंय की या पत्रावर विसंबून कोणी काही करूच नये. दहा मिनिटे वाद झाला. अखेर गणितशिक्षकालाच मान्य करावे लागले, की या नऊ पृष्ठांत साहेबांना दोष लावण्यास सुईच्या अग्राएवढीही जागा नाही. चूक गवंड्याची होती, यजमानांची होती, कदाचित भिंतीची होती. साहेब सर्वथा निर्दोष होते.

साहेबांच्या जिवात जीव आला. चौतीस वर्षांची साधना आज त्यांना फळली होती. ते परत वर जाण्यास वळलेही.

"काका," ताई म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या कडेवर एक मूल होते आणि दुसऱ्याने पदर धरला होता. त्यांनी दंतवैद्यांच्या हातून पत्र घेतले. "मी पण ऐकलं सगळं. यात नियम सापडला. भिंत सापडली. सचिवकाका सापडले, मी सापडले. तुम्ही कुठे आहात यात? नऊ पानांत शोधलं मी. तुम्ही कुठेच नाही."

कडेवरचे मूल त्यांनी दुसऱ्या कडेवर घेतले.

"उद्या अकराला ते येणार. संध्याकाळी बावीस आया दाराशी येतील. त्यांना काय सांगू, परवापासून मुलं कुठे ठेवा? पार्श्वभूमी सांगू?"

समोर सचिव होते, गवंडी होता, जिन्यावर आणखी सहा-सात मंडळी जमली होती. साक्षीदार म्हणून यापेक्षा चांगला समुदाय मिळणे कठीण. पळून जाण्यास जिना मोकळा होता. त्यांनी तोंड उघडले ते मिटण्याच्याच हेतूने. परंतु त्या कडेवरच्या मुलाने त्याच क्षणी त्यांचा चष्मा ओढला, आणि समोरचे सर्व चेहरे पुसट झाले. दिसेनाशी झालेली माणसे तितकी भीतिदायक राहिली नाहीत.

"सुताराला बोलवा," साहेब म्हणाले.

सर्व जण उरलेल्या वाक्याची वाट पाहत राहिले. ते आले नाही.

"सुतार कशाला?" सचिवांनी विचारले.

"मागचं दार बाहेर उघडायला लावा. कपाट हलवा. दार नियमात बसतं." एवढे बोलून साहेब तेथेच पायरीवर बसले. वरून उतरून आलेल्या पत्नींनी त्यांना पाणी दिले. लग्नानंतर एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांनी आपल्या पतीकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे निरखून पाहिले.

त्या दिवशी गवंड्याने सचिवांच्या देखरेखीखाली विटा परत बसवल्या. सचिवांनी प्रत्येक विटेला ओळंबा लावला. सुताराने मागचे दार उतरवले, बिजागऱ्या फिरवल्या, चौकट तासली, आणि दार लावून दाखवले. साहेबांनी ते चाळीस वेळा उघडून पाहिले. चाळिसाव्या वेळी सुतार म्हणाला, "साहेब, दार नवं केलंय, पण असंच उघडत राहिलात तर उद्यापर्यंत जुनं होईल."

शुक्रवारी अकराला पाच मिनिटे कमी असताना नवा अधीक्षक आला. हातात फीत, बगलेत नस्ती, आणि चेहऱ्यावर ती भीती, जी साहेबांना आरशातून परिचयाची होती. त्याने रुंदी मोजली. तीन फूट एक इंच. पुन्हा मोजली. अंगण पाहिले. मग तो साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, तुम्हाला तर माहीत आहे, नियमात 'दुसरं दार' म्हटलंय. मागच्या खोलीतलं दार चालेल असं स्पष्ट कुठे म्हटलेलं नाही. उद्या काही झालं तर मी कुठे जाऊ? मी आपली नस्ती वर पाठवतो. येईल दोन-तीन महिन्यांत उत्तर."

"तोवर?"

"तोवर पाळणाघर बंद ठेवावं लागेल. यथावकाश..."

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे ही शिक्षा फार सूक्ष्म असते. दारात ताई उभ्या होत्या. त्यांनी ऐकले होते. त्यांच्या मागे बावीस मुले जेवणाच्या डब्यांची झाकणे वाजवत होती.

"मी लेखी दिलं तर?" साहेबांनी विचारले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच दुरून आल्यासारखा वाटला. "जबाबदारी माझी."

नव्या अधीक्षकाने नस्तीतून कोरा कागद काढून दिला. साहेबांनी तो दाराच्या चौकटीवर टेकवला. पहिले अक्षर तीनदा सुरू करावे लागले. ओळ एकच होती: 'हे दार नियम चौदाप्रमाणे पुरेसे आहे.' खाली सही. त्या सहीच्या वर कोणी नव्हते आणि खाली कोणी नव्हते. उघड्या मैदानात एकट्या माणसाने उभे राहावे तशी ती कागदावर उभी होती.

अधीक्षकाने वाचले. कागद उलटून पाठ पाहिली. पुन्हा पुढची बाजू पाहिली.

"बाकीचं, साहेब?"

"एवढंच."

"पण यात... यात काही ठेवलेलंच नाही तुम्ही."

"नाही."

'नाही' हा शब्द उच्चारून झाल्यावर आकाश कोसळते की काय हे पाहण्यासाठी साहेब क्षणभर थांबले. ते कोसळले नाही. पण अधीक्षकाच्या कपाळावर घाम आला. असा कागद त्याने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्याला कोणती त्रुटी काढावी हे त्याला सुचेना. "मग चाचणी घ्यावी लागेल," तो अखेरीस म्हणाला. "दीड मिनिटात सगळी मुलं बाहेर. तसं आहे नियमात."

"आहे," साहेब म्हणाले. हाही शब्द त्यांनी एकटाच सोडला.

अधीक्षक घड्याळ धरून अंगणाच्या टोकाला उभा राहिला. दार लावले गेले. साहेब दाराबाहेर उभे होते. त्यांनी तेथे उभे राहू नये हे कोणीही सांगितले असते. परंतु ऐन वेळी त्यांना वरच्या बिजागरीचा एक स्क्रू किंचित वर आल्यासारखा दिसला, आणि सर्व विश्वास एका क्षणात वितळून ते नाक दाराला लावून तो स्क्रू न्याहाळू लागले. उघडले नाही तर? अडकले तर? आत बावीस मुले, आणि बाहेर आपली ती एकटी सही! त्यांनी स्क्रूवर अंगठा दाबून धरला.

"सुरू!" अधीक्षक ओरडला.

मुलांना आगीची गोष्ट सांगून काही उपयोग नाही हे ताई जाणून होत्या. "चला रे!" आतून त्यांचा आवाज आला. "अंगणात सचिवआजोबांची अंघोळ आहे!"

दार उघडले. किती उत्तम उघडले म्हणून सांगावे! न अडखळता, न करकरता, बाहेरच्या बाजूस, पूर्ण वेगाने, आणि मार्गात प्रथम जे आले ते साहेबांचे कपाळ होते. 'ठक्क' असा आवाज झाला. साहेब मागे गेले, एकदा गिरकी घेतली, आणि अंगणाच्या मातीत बसले. त्यांच्या डावीकडून, उजवीकडून, आणि दोघे-तिघे तर त्यांच्या पायांवरून, बावीस मुले सचिवांच्या शोधात आरडाओरडा करीत धावली. आपल्या खिडकीतून पाहणारे सचिव घाईघाईने आत गेले.

"वीस... एकवीस... बावीस!" ताईंनी मोजले.

"बावन्न सेकंद," अधीक्षक म्हणाला. तो घड्याळाकडे पाहत राहिला, मग मातीत बसलेल्या आपल्या गुरूकडे, मग त्या एका ओळीच्या कागदाकडे. त्याने खिशातून लेखणी काढली, झाकण उघडले, पुन्हा लावले, पुन्हा उघडले, डोळे मिटले, आणि त्या ओळीखाली लिहिले: 'सहमत. परवाना कायम.' सही करून त्याने कागद इतक्या लगबगीने नस्तीत घातला, जणू आपलाच विचार आपल्याला गाठेल. ताई चौकटीला टेकून खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. किंवा कदाचित ते हसणे नव्हते.

साहेबांच्या कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ उगवले होते. अंगणातील झाडे दोन-दोन दिसत होती. बाकीची मुले पांगली, पण लाल झग्यातली चार वर्षांची एक मुलगी त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने ते टेंगूळ पुष्कळ वेळ लक्ष देऊन पाहिले.

"आजोबा, लागलं?"

"हो," साहेब म्हणाले. "लागलं."

"खूप?"

"खूप लागलं."

"आणि भीती वाटली?"

"फार वाटली. अजून वाटते आहे."

मुलीने मान हलवली. तिच्या मते प्रकरण पूर्ण तपासून झाले होते आणि कोणतीही शंका उरलेली नव्हती.

"मग रडा ना," ती म्हणाली.

आणि आमच्या साहेबांना, आठवड्याभरात प्रथमच, जे करायचे होते त्याची रीतसर मंजुरी मिळाली.